शाळेच्या कुंडीत सेन्सर हवा, पंप नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की 'स्वयंचलित सिंचन' हा प्रकल्प शाळाशाळांतून हटकून दिसतो. थर्माकोलवर मांडलेले शेत, एक कुंडी, मातीत खोचलेला सेन्सर, आर्डुइनोचा (सूचना भरता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक) बोर्ड आणि बोटभर पंप. माती सुकली की पंप सुरू, भिजली की बंद. मांडणी नीटनेटकी असते, मुलांनी मेहनतही घेतलेली असते. पण या व्यवस्थेत मुलाला कुंडीकडे बघण्याचे कारणच उरत नाही. माती ओली की कोरडी हे सेन्सर ठरवतो, पाणी पंप घालतो आणि झाड बऱ्याचदा आदल्या दिवशी नर्सरीतून आलेले असते. मुलांना झाडाजवळ आणायचे असेल तर याच साहित्यातून पंप तेवढा काढून ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ठिबक आहे, हवामान केंद्रे आहेत, मोबाइलवर इशारे येतात. तरीही जाणता बागाईतदार वेलीच्या बुडाशी माती उकरतो, मुठीत दाबतो आणि गोळा होतो का, पडल्यावर फुटतो का, हे बघून वाफसा ठरवतो. वाफसा म्हणजे मातीत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असणे. हा एक शब्द मुलांच्या हाताला कळावा, यासाठी सेन्सर फार उपयोगी पडतो. मात्र आधी बोट मातीत घालायचे, अंदाज सांगायचा आणि मग आकडा बघायचा. क्रम उलटला की मुले फक्त आकडा वाचतात.

सेन्सर घेताना पहिली चूक होते ती काट्यासारख्या दोन उघड्या टोकांचा घेण्याची. तो मातीतून वीज किती वाहते हे मोजतो. सतत वीज चालू ठेवली तर त्यावरचा धातूचा थर काही आठवड्यांत झिजतो, टोके काळी पडतात आणि आकडे वाटेल तसे येऊ लागतात. शिवाय खत टाकले की मातीतले क्षार वाढतात आणि पाणी तेवढेच असूनही हा सेन्सर माती जास्त ओली दाखवतो. त्याऐवजी सलग चपट्या पट्टीचा कॅपॅसिटिव्ह, म्हणजे वीज साठवण्याच्या क्षमतेतल्या बदलावरून ओल ओळखणारा, सेन्सर घ्यावा. त्याचा धातू मातीला लागत नाही. त्याच्या पट्टीवर एक आडवी रेघ असते, तिच्या वर माती किंवा पाणी जाता कामा नये, कारण वरचे सर्किट उघडे असते. पट्टीच्या कापलेल्या कडांतूनही ओल आत शिरते. कडांना नेलपॉलिशचे दोन हात दिले की तो बराच जास्त टिकतो.

जोडणी तीन तारांची आहे. मायक्रोबिट (आर्डुइनोसारखाच छोटा बोर्ड) असेल तर एक तार ३ व्होल्टला, एक ग्राउंडला आणि सिग्नलची तार ० क्रमांकाच्या पिनला. आर्डुइनो असेल तर सिग्नल ए-० ला. दोन्हींवर आकडा ० ते १०२३ मध्ये येतो आणि ओल वाढली की तो कमी होतो. याने मुले सुरुवातीला गोंधळतात. गोंधळू द्यावे, कारण कोरड्या आणि ओल्या मातीत पट्टी आलटून पालटून खुपसली की ते त्यांचे त्यांनाच उलगडते. मायक्रोबिट सेलवर चालवत असाल तर सेल उतरल्यावर माती तीच असूनही आकडा सरकतो, हे लक्षात ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि बहुतेक ठिकाणी गाळले जाते ते काम: आपल्याच मातीचे माप बसवणे. इंटरनेटवरून उचललेली टक्केवारी उपयोगाची नाही. कुंडीत जी माती भरणार तीच परातीत पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी, डब्यात दाबून भरावी आणि आकडा घ्यावा. मग तळाला भोके पाडलेल्या डब्यात तीच माती भरून खालून निथळेपर्यंत पाणी घालावे, अर्धा तास थांबावे आणि पुन्हा आकडा घ्यावा. समजा कोरड्याचा ५२० आला आणि निथळलेल्याचा ३१०. दोहोंतला फरक २१०. उद्या कुंडीत ४३६ आला तर ५२० वजा ४३६ म्हणजे ८४, भागिले २१०, गुणिले १००, उत्तर ४०. शेकडेवारीचे हे गणित सातवीची मुले सहज करतात. हे ४० म्हणजे मातीत चाळीस टक्के पाणी नव्हे. आपल्या कोरड्या आणि ओल्या टोकांमधली ती जागा आहे. दुसऱ्या सेन्सरचे आकडे वेगळे येतात, म्हणून प्रत्येकावर क्रमांक टाकून त्याची दोन टोके वहीत लिहून ठेवावीत.

आपल्याकडच्या काळ्या मातीत आणखी एक फसगत होते. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते आणि भेगाळते. नेमकी सेन्सरच्या पट्टीलगत केसाएवढी फट पडली तरी पट्टीला मातीऐवजी हवा लागते आणि खाली ओल असतानाही आकडा 'कोरडी ठणठणीत' म्हणतो. स्वयंचलित पंप अशा वेळी कुंडीत तळे करतो. मुलाने बोट घातले तर फट बोटाला लागते. म्हणून कुंडीसाठी निव्वळ काळी माती न घेता दोन भाग पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भिजवून पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्यावे. कोकोपीट वरून सुके आणि आतून ओले असते, त्यामुळे नुसते बघून पाणी घालणाराही फसतो. पट्टी नेहमी त्याच खोलीवर, कुंडीच्या काठापासून दोन-तीन सेंटिमीटर आत आणि खोडापासून दूर खोचावी. रोज उपसून नवीन जागी खोचली तर मुळे तुटतात आणि कालच्या-आजच्या आकड्यांची तुलनाही होत नाही.

शाळेतली झाडे तहानेपेक्षा मायेने जास्त मरतात. वर्गात चाळीस मुले, प्रत्येकाला पाणी घालायचे असते आणि प्रत्येकाच्या हातात बाटली. सतत भिजलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि झाड माना टाकते. माना टाकल्या म्हणून मुले आणखी पाणी घालतात. माती ओली, तरी पान मलूल आणि खालची पाने पिवळी, हे चित्र दिसले की पाणी थांबवायचे असते. इथे सेन्सरचा आकडा मुलांचा हात अडवतो आणि ते बाईंच्या ओरडण्यापेक्षा चांगले. एका कुंडीला पाच मुले आणि आठवड्याला एकच पाणक्या, एवढी वाटणी पुरते.

वहीत सहाच रकाने असावेत: तारीख, वेळ, बोटाचा अंदाज, आकडा, पान कसे दिसते, पाणी किती मिली घातले. वेळ ठरलेली हवी, परिपाठानंतर लगेच घेतलेली उत्तम. स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा मिळाला तर सहा इंची कुंडी रोज त्यावर ठेवावी. पाणी न घालता आणि तळाशी न निथळता एका दिवसात वजन ८० ग्रॅम उतरले, तर जवळजवळ ८० मिली पाणी पानांतून आणि मातीतून हवेत गेले. कडक उन्हाच्या आणि ढगाळ दिवसाचे हे आकडे शेजारी शेजारी मांडले की मुलांना झाड पाणी पिते म्हणजे काय, ते समजते.

झाडे कोणती? पावसाळ्यात तेरडा. त्याची तहान लपत नाही, दुपारी मान टाकतो आणि पाणी मिळाले की थोड्याच वेळात ताठ होतो. हिवाळ्यात मेथी, तीन-चार दिवसांत उगवते आणि महिनाभरात खुडता येते. चवळी आणि वालही सोपे. धणे मात्र चोळून दोन फाकी केल्याशिवाय पेरू नयेत, आणि दहा-बारा दिवस धीर धरावा. गुलाबाने सुरुवात करू नये. रोगराईपायी मुलांचा उत्साह जातो.

मे महिन्याच्या सुटीत पंप लावू का, असे शिक्षक विचारतात. टाकी कुंडीपेक्षा उंचावर असली तर पंप बंद झाल्यावरही नळीतून पाणी वाहत राहते. टाकी रिकामी झाली तर पंप कोरडा फिरून जळतो. आणि बोर्डवरूनच पंपाला वीज दिली तर बोर्ड पुन्हा पुन्हा बंद-चालू होतो. बंद शाळेत हे बघायला कोणी नसते. त्यापेक्षा मोठ्या कुंडीत भाजलेले पण झिरपणारे, रंग न दिलेले छोटे मडके गळ्यापर्यंत पुरावे, भरून झाकण ठेवावे आणि शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी दोन-तीन दिवसांआड पुन्हा भरावे.

ज्या शाळेत बोर्ड नाहीत तिथे जुना मोबाइल पुरे. स्टँडवर पक्का बसवून दर १५ मिनिटांनी एक फोटो घेतला तर तीन दिवसांत २८८ फोटो होतात. सेकंदाला २४ या वेगाने त्यांची १२ सेकंदांची फिल्म तयार होते. वाल मातीतून कमान करून वर येताना त्यात दिसतो. फोकस आणि उजेड लॉक करायला विसरू नये. रात्रीसाठी दिवा एकाच बाजूला ठेवला तर रोप तिकडे झुकते. तोही एक धडाच. अंगणात चिंच किंवा शिरीष असेल तर संध्याकाळी त्यांची पाने मिटताना टिपावीत. पाने ओळखणाऱ्या ॲपवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. दसऱ्याला कांचनाच्या फांद्या आपटा म्हणून विकल्या जातात, आणि एकाच पानाच्या फोटोवर ॲपही तीच गल्लत करू शकते. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असते. पान दोन्ही बाजूंनी, खोड आणि फूल असेल तर फूल, असे वेगवेगळे फोटो द्यावेत. आणि ॲपने खाण्याजोगे म्हटले म्हणून कोणतेही पान-फळ तोंडात घालायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. कण्हेर, धोत्रा आणि गुंज आपल्या आसपासच असतात.

२०१६ पासून केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघण्याच्या शालेय प्रयोगशाळा) योजनेतून शाळांना बोर्ड आणि सेन्सर मिळत आले आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या. दुसरीकडे पोषण आहारासाठी शाळांमध्ये परसबागा आहेत. किट कपाटात आणि वाफे उन्हात, असे न होऊ देता दोन्ही एकाच शिक्षकाकडे आणि एकाच तासिकेत द्यावेत. विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षकांना विनंती की पंप किती वेळा सुरू झाला हे न विचारता वही उघडून बघावी. अंदाज आणि आकडा यांतले अंतर महिन्याभरात कमी झाले का, यावर गुण द्यावेत.

आपल्याकडेही एक मागणी आहे. थंडीत निफाडचा पारा आपण छापता आणि सारा जिल्हा तो वाचतो. पावसाळ्यात तशीच एक छोटी चौकट आठवड्यातून एकदा शाळांसाठी द्यावी: शाळेचे नाव, मुलांनी मोजलेला पाऊस मिलिमीटरमध्ये आणि त्या आठवड्यात परसबागेत काय उगवले. आकडे पाठवायला शाळा तयार होतील.

आपले,
शालेय परसबागांत काम करणारे काही विज्ञान शिक्षक,
नाशिक