जमीन खचण्याची पाहणी आधी रावेर-यावलला करा

महोदय,

भूजल उपसले की जमीन खचते, हे सगळीकडे खरे नाही. मराठवाड्यातल्या विहिरी कितीही आटल्या तरी काळा पाषाण दबत नाही. दबते ती गाळातली चिकणमाती. त्यामुळे उपग्रहाच्या रडारने लक्ष ठेवायचेच तर सुरुवात तापी खोऱ्यातल्या खोल गाळाच्या पट्ट्यातून, म्हणजे रावेर, यावल, चोपड्यापासून करावी.

दिल्लीचा दाखला समोर आहे. विमानतळालगतच्या कापसहेडा भागात २०१४-१६ दरम्यान जमीन वर्षाला सुमारे ११ सेंटिमीटर खचत होती. २०१८-१९ मध्ये हा वेग १७ सेंटिमीटरवर गेला. जवळच्या द्वारकेत उपशावर निर्बंध आले, पुनर्भरण झाले आणि खचणे थांबून जमीन किंचित वर आली. मात्र प्रत्येक ठिकाणी अशी भरपाई होत नाही. पाण्याची पातळी आजवरच्या नीचांकाखाली गेली की चिकणमातीचे कण कायमचे घट्ट बसतात. नंतर कितीही पाणी मुरवले तरी ती साठवणक्षमता परत येत नाही. म्हणूनच मोजमाप आधी हवे.

एकाच जागेच्या दोन रडार प्रतिमांमधल्या लहरींच्या फेजचा (लहर चक्राच्या कोणत्या टप्प्यावर परतली त्याचा) फरक म्हणजे जमिनीची हालचाल. ‘सेंटिनल-१’ या युरोपीय रडार उपग्रहाची लहर साडेपाच सेंटिमीटरची असते. केळीच्या पानांवरच ती विखुरते आणि बारा दिवसांनी पुढची प्रतिमा येईपर्यंत पाने हललेली, वाढलेली असतात. दोन्ही प्रतिमा जुळत नाहीत. जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या ‘निसार’ या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहाची २४ सेंटिमीटरची लहर इथे जास्त उपयोगी ठरेल. तरीही भरवशाचे बिंदू घरे, पूल आणि विजेच्या मनोऱ्यांवरच मिळतील. जिथे तेही नाहीत, तिथे ॲल्युमिनियमचे त्रिकोणी परावर्तक बसवावेत आणि त्यांच्या तळाला भोक ठेवावे, नाहीतर पावसाचे पाणी साचून मोजमाप बिघडते.

घोटाळा होतो तो वाचनात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. जानेवारी ते मे एवढाच काळ पाहिला तर ते आक्रसणेही खचणे म्हणून नोंदले जाईल. तुलना मेची मेशीच हवी आणि तीही किमान दोन-तीन वर्षांची. पावसाळी हवेतली वाफ एकट्या प्रतिमाजोडीत काही सेंटिमीटरची खोटी हालचाल दाखवते, म्हणून वीस-तीस प्रतिमांची मालिका लागते. ज्याला स्थिर मानून बाकीची हालचाल मोजायची तो संदर्भबिंदू गाळावर न घेता बेसॉल्टवर, म्हणजे न दबणाऱ्या काळ्या पाषाणावर घ्यावा. शिवाय रडार तिरपे पाहते. उभ्या रेषेपासून ३९ अंशांच्या कोनात दिसलेले १० मिलिमीटर म्हणजे, हालचाल सरळ खाली असेल तर, सुमारे १३ मिलिमीटर खचणे. नकाशा यातली कोणती संख्या दाखवतो हे त्यावर छापलेच पाहिजे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. बारा दिवसांच्या रडार नोंदींशी सांगड घालायला ते पुरेसे नाही. निवडक ठिकाणी उथळ आणि खोल अशा दोन वेगळ्या बोअरमध्ये स्वयंचलित पातळीमापक हवेत, कारण उथळ विहिरीचे पाणी खोल थरातला दाब सांगत नाही. शेतकऱ्यांनाही एक खूण पाहता येईल: खोल बोअरचा केसिंग पाइप सिमेंटच्या ओट्यातून वर आल्यासारखा दिसू लागला, तर बहुधा पाइप जागेवरच असतो, ओटा खाली गेलेला असतो. अशा बोअरची नोंद तलाठ्याकडे जमा करण्याची सोय शासनाने करावी.

– भूजलशास्त्राचा अभ्यासक, जळगाव