कुष्ठरुग्णाची लघवीही तपासावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुष्ठरोग म्हटले की बधिर चट्टा आणि झडलेली बोटे डोळ्यांपुढे येतात. हा आजार मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो, हे माझ्या मामांचे डायलिसिस सुरू होईपर्यंत मलाही ठाऊक नव्हते. पेठ तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांनी एमडीटीचा (कुष्ठरोगावरील अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराचा) १२ महिन्यांचा कोर्स नेमाने पूर्ण केला होता, त्यामुळे रोग संपला असेच सर्वांनी धरले. तळपायाची जखम मात्र अनेक वर्षे भरत आणि पुन्हा चिघळत राहिली. पुढे दोन्ही पावले सुजू लागली, संध्याकाळी चप्पल काढल्यावर पट्ट्याचा वळ तसाच राही, आणि सूज जखमेचीच असणार असे समजून आम्ही नुसते ड्रेसिंग बदलत राहिलो. लघवीला फेस येतो, हे त्यांनी संकोचापायी मामींनाही फार उशिरा सांगितले.

नाशिकच्या डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावले. कुष्ठरोगाचे जंतू मूत्रपिंडात क्वचितच शिरतात. परंतु सतत वाहणाऱ्या जखमेमुळे किंवा जंतूंविरुद्ध शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या वारंवार उठणाऱ्या तीव्र रिअ‍ॅक्शनमुळे शरीरात दाह धुमसत राहिला, तर अमायलॉइड नावाचे प्रथिन मूत्रपिंडात साचू लागते आणि ते हळूहळू निकामी होते. ताप व दुखऱ्या लाल गाठी येणाऱ्या रिअ‍ॅक्शनमध्ये तर मूत्रपिंडाच्या गाळणीलाच सूज येऊ शकते. एमडीटीतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळेही क्वचित मूत्रपिंड अचानक बिघडते. (गोळी घेतल्यावर लघवी तांबूस होते ती केवळ औषधाच्या रंगाने, तिला भिऊन उपचार सोडू नयेत.) नसांच्या वेदनांसाठी मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालतात, आणि मामांच्या उशाशी त्यांची पाकिटे कायम असत.

डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णांचे प्रमाण दर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून कमी झाले, हे मोठेच यश आहे. परंतु त्याआधी औषध संपवून नोंदवहीतून बाहेर पडलेली माणसे आज उतारवयात आहेत, आणि त्यांच्या जखमा अजून वाहत आहेत. मूत्रपिंड बिघडू लागल्याची खूण असलेली लघवीतील प्रथिने काडी बुडवून पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागांत शोधमोहिमेसाठी घरोघर जाणाऱ्या आशाताईंनी नव्या चट्ट्यांबरोबर या जुन्या रुग्णांचीही विचारपूस करावी, आणि ज्यांना जखम वा रिअ‍ॅक्शन आहे त्यांचे मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिनही ठरावीक काळाने तपासले जावे, अशी जिल्हा आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे. बधिर पायांसाठीच्या मऊ रबरी एमसीआर चपला घ्यायला हे रुग्ण आरोग्य केंद्रात येतातच. त्याच वेळी त्यांच्या हाती लघवीची बाटली द्यावी.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक