आजीची अत्तरदाणी मोडीत घालू नकोस

नोएडा,
१८ जानेवारी

प्रिय वृंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं आणि रात्री झोपच लागली नाही. सराफाने आजीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी काट्यावर ठेवली, टंच काढला (म्हणजे चांदी किती शुद्ध ते पाहिलं), घट धरून वजन कमी केलं आणि मोडीचा भाव सांगितला, हे वाचून फार वाईट वाटलं. त्याच्यावर राग नाही. त्याच्या लेखी ती चांदीच आहे. पण वाटणी व्हायच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून घाईने लिहायला बसले आहे.

आधी किमतीचं सांगते. इथे नोएडाच्या संस्थेत मी जुन्या कलावस्तू पारखायला आणि जपायला शिकते आहे, तिथे मूल्यांकनाच्या पहिल्याच तासाला आम्हाला विचारलं होतं, "किंमत कशासाठी हवी आहे?" विम्यासाठी काढलेली किंमत वेगळी असते, कारण तशीच वस्तू आज पुन्हा घ्यायची तर काय पडेल ते त्यात पाहतात. बाजारात राजीखुशीने घेणारा काय देईल, ती वेगळी. मोडीचा भाव तर फक्त धातूचा. वाटणीसाठी यातली दुसरी, बाजाराची, धरायची, आणि तुम्हा तिघा भावंडांसाठी ती एकाच दिवशी, एकाच माणसाने लिहून द्यायला हवी. तो माणूस ती वस्तू स्वतः विकत घेणारा नसावा, हा या धंद्यातला सगळ्यात मोठा नियम. फीसुद्धा त्याने ठरावीक घ्यावी, किमतीवर टक्के मागणाऱ्याकडे जाऊ नकोस.

तू लिहिलंस की अत्तरदाणीच्या बुडाशी इंग्रजी दोन अक्षरं आहेत आणि अंगभर वेलबुट्टीत बारीक प्राणी लपलेले आहेत. हे वाचून मी उठून बसले. कच्छच्या चांदीकामाची धाटणी अशीच असते. आतून राळेच्या आधाराने ठोकून उठाव आणायचा आणि वेलीच्या प्रत्येक वळणात एखादा हरीण, एखादा पक्षी बसवायचा. भुजचे ओमरसी मावजी एकोणिसाव्या शतकात कच्छच्या दरबारासाठी काम करत, त्यांच्या वस्तूंवर 'ओ. एम.' आणि 'भुज' असा शिक्का सापडतो. तुझी अत्तरदाणी त्यांचीच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. शिक्का नंतर कुणीही मारू शकतो. म्हणून आधी काम बघायचं आणि मग शिक्का. पण ज्या वस्तूबद्दल अशी शक्यता उरते, ती कुणी एका दुपारी वितळवून टाकावी हे मला सहन होत नाही.

दादा गुलाबदाणी न्यू जर्सीला नेणार म्हणतो, तेही थांबव. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू कुणाही खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती आपल्याच आजीची का असेना. वस्तू तेवढी जुनी नाही असं वाटत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञ समितीकडून तसा दाखला घ्यावा लागतो. विमानतळावर बॅग उघडली गेली तर वस्तूही जाईल आणि दादाच्या मागे कज्जाही लागेल. त्याला हे प्रेमाने सांग, तो ऐकेल.

आता माझं. तुला आठवतं, शाळेच्या सहलीत पुण्याला केळकर संग्रहालयात आपण अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभ्या होतो आणि बाई हाका मारत होत्या? लोक ज्या वस्तू जुन्या बाजारात टाकत होते, त्या दिनकर केळकरांनी वेचून आणल्या आणि आपल्या गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. बी.एस्सी. केमिस्ट्री करून मी इकडे का वळले, असं घरी अजून विचारतात. मला वाटतं त्या कपाटापासूनच सुरुवात झाली असावी. आमची संस्था १९८९ साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातच सुरू झाली होती, आता ती इथे नोएडात आहे. इतिहास आणि रसायन एकाच टेबलावर शिकायला मिळतं, हे मला फार आवडतं.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकीला एक साधा पितळी तांब्या दिला आणि त्याचं वर्णन लिहायला सांगितलं. 'सुंदर', 'जुना', 'मौल्यवान' हे शब्द चालणार नव्हते. पोचा कुठे, किती मिलिमीटर. झाळ (धातूचा सांधा) कुठे दिली आहे. कल्हई कुठवर उरली आहे. मी पाऊण पानात आटपलं होतं, मॅडमनी परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी साडेचार पानं झाली, आणि त्या तांब्याच्या काठावर एकाच बाजूला झीज आहे हे मला तेव्हा दिसलं. कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच बाजूने पाणी ओतलं होतं.

दुसऱ्या सत्रात घरची एखादी वस्तू आणायला सांगितली. मी आमचं बिदरी पानदान आणलं. आजोबांनी निजामाच्या राज्यात असताना बीदरहून घेतलेलं, तू आमच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात पाहिलं आहेस. बारावीच्या दिवाळीत ते मी चिंच आणि राख लावून घासलं होतं. काळं पानदान राखाडी झालं, आणि माझी आजी काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. वृंदा, तेव्हा मी काय केलं ते मला इथे, मायक्रोस्कोपखाली कळलं.

बिदरीचा काळा रंग वरून दिलेला नसतो. भांडं जस्ताचं, त्यात थोडं तांबं. छिन्नीने खाच पाडायची, तीत चांदीची तार ठोकून बसवायची आणि मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून भांड्यावर चढवायची. जस्ताचा धातू काळा पडतो, चांदीला काही होत नाही. ती काळी कातडी अगदी पातळ असते. चिंचेच्या आंबटाने जस्त खाल्लं आणि कातडी गेली. भिंगातून मला तारेच्या कडेला, खाचेच्या आत, केसाएवढी काळी रेघ उरलेली दिसली. माझा हात जिथे पोचला नव्हता तेवढंच मूळ काम शिल्लक होतं.

झाकणाच्या बिजागरीत पांढरा खडा अडकला होता. मी टोकदार काडी हातात घेतली, तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "ही घाण आहे की पुरावा?" सुईच्या टोकावर येईल एवढा कण काढून त्यावर आम्लाचा थेंब टाकला. बुडबुडे आले. चुना होता तो, हवेने केव्हाच खडू झालेला, धातूला आता त्याचा त्रास नाही. आजी तर्जनीने चुना काढून बोट झाकणाच्या कडेला पुसायची, तिची ती लकब मला एकदम आठवली. चुना तिथेच ठेवला.

पानदान पुन्हा काळं करायचं का, यावर वर्गात दोन दिवस वाद झाला. बीदरच्या कारागिराकडे दिलं तर तो ते नव्यासारखं करून देईल, आणि ते चूकही नाही. मी नको म्हटलं. नवा काळा चढवला की कडेची जुनी रेघ त्यात हरवेल आणि ती परत मिळवता येणार नाही. म्हणून फक्त धूळ काढली, मेणाचा पातळ थर दिला (तो कधीही उतरवता येतो), आणि अहवालात स्वच्छ लिहिलं की ही हानी अमुक साली घरगुती घासण्याने झाली. घासणारीचं नाव मी स्वतःच लिहिलं.

म्हणून तुला हात जोडून सांगते, अत्तरदाणी घासू नकोस. चांदीवरचा काळा थर हवेतल्या गंधकाने येतो. तो प्रत्येक वेळी घासताना खालची चांदीही थोडी जाते, आणि सगळ्यात आधी झिजतात ते उठावावरचे हरणांचे चेहरे. बाजारात बुडवून काढायचं पाणी मिळतं, ते तर मुळीच नको, खाचांमधली मुद्दाम ठेवलेली काळी छटासुद्धा ते नेतं. जुन्या, धुतलेल्या सुती धोतराच्या कापडात गुंडाळ. रबरबँड लावू नकोस, त्यात गंधक असतं आणि चांदीवर काळा पट्टा उमटतो. लोकरीचं कापडही त्याच कारणाने नको.

येत्या रविवारी सकाळी खिडकीच्या उजेडात फोटो काढ. चारही बाजू, आतून, बुडाचा शिक्का. शेजारी मोजपट्टी ठेव. आणि मामीला विचारून ठेव की ती घरात कुठून आली. कुणाच्या लग्नातली, कुणी दिलेली, काहीही आठवत असेल ते तिच्याच शब्दांत लिहून घे आणि खाली तारीख घाल. मूल्यांकनात अशा चिठ्ठीला फार वजन असतं, आणि मामीला आता सगळं आठवतंच असं नाही.

होळीला मी उदगीरला येते आहे. भिंग आणते. सराफाला तोवर थांबायला सांग.

तुझी,
मेधा