चेतापेशींचा संगणक आणि दात्याची संमती

महोदय,

मेलबर्नच्या कॉर्टिकल लॅब्स या कंपनीने मार्च २०२५ मध्ये जिवंत मानवी चेतापेशींवर चालणारा ‘सीएल१’ हा संगणक बाजारात आणला. या पेशी कोणाच्या मेंदूतून काढलेल्या नसतात. प्रौढ दात्याच्या रक्तातील किंवा त्वचेतील पेशींना मूळपेशींच्या, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशींच्या, अवस्थेत परत नेऊन (शिन्या यामानाका यांना २०१२ चे नोबेल मिळाले ते याच तंत्राच्या शोधासाठी) त्यांच्यापासून चेतापेशी घडवतात, आणि त्या चिपवर वाढवून विद्युतसंकेतांद्वारे त्यांच्याशी देवाणघेवाण केली जाते. याच कंपनीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे आठ लाख पेशींना ‘पाँग’ हा साधा व्हिडिओ खेळ शिकवल्याचे प्रसिद्ध केले होते.

या पेशींना जाणीव असते का, यावर वाद चालू आहे. मला त्याहून निकडीचा वाटतो तो दात्याचा प्रश्न. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात रक्तदान शिबिरांना चांगला प्रतिसाद मिळतो, आणि दाता अर्जावर सही करतो ती एखाद्या रुग्णाचा जीव वाचावा म्हणून. (रांगेत उभे राहून तो अर्ज किती जण वाचतात, हा भाग वेगळा.) उद्या आपल्याकडेही रक्ताच्या नमुन्यातून विक्रीसाठी संगणक घडणार असतील, तर त्यासाठी दात्याची स्वतंत्र आणि सोप्या मराठीत लिहिलेली संमती घेतली जावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मूळपेशी संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ मध्ये, म्हणजे हे यंत्र येण्याच्या कितीतरी आधी, प्रसिद्ध केली. त्यांच्या पुढील आवृत्तीत या वापराचा स्पष्ट उल्लेख असावा, अशी विनंती आहे.

— एक रक्तदाता, रत्नागिरी