पायाला बांधलेल्या चिठ्ठीबद्दल

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

वीस वर्षे मी ऊसतोड कामगारांचे तळ, नर्मदेकाठची विस्थापित गावे आणि टँकरपुढच्या रांगा यांचे फोटो काढत आलो. आपल्या संग्रहातील पक्ष्यांचे नमुने टिपण्याचे काम मिळाले, तेव्हा पहिले दोन दिवस मी चुकीचे फोटो काढत होतो आणि ते आपल्यामुळे लक्षात आले.

खण ओढताच डांबरगोळ्यांचा वास आला. डोळ्यांच्या जागी कापूस, मिटलेले पंख आणि पायाला दोऱ्याने बांधलेली पिवळट चिठ्ठी, असे पक्षी ओळीने उताणे ठेवलेले होते. चौकट स्वच्छ दिसावी म्हणून मी चिठ्ठ्या बाजूला सारत होतो. आपण रागावला नाहीत. जुन्या कातड्यांना सोमल लावलेला असतो म्हणून आधी हातमोजे दिलेत आणि मग रानपिंगळ्याची, म्हणजे बरीच वर्षे न दिसल्याने नामशेष मानल्या गेलेल्या एका छोट्या घुबडाची, हकीकत सांगितलीत.

1880च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला एक रानपिंगळा रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहकाने ब्रिटिश संग्रहालयातून चोरला, तो नव्याने भरला आणि 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला आपणच मिळवल्याची चिठ्ठी त्याला बांधली. त्या खोट्या नोंदीने शोधाची दिशा चुकली. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणांच्या आधारे शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा जिवंत सापडला. मी त्याच तालुक्यातला. त्या वर्षी मी तिथेच शिकत होतो आणि मला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यामुळे आपण सांगत असताना माझा कॅमेरा बराच वेळ टेबलावरच राहिला.

त्यानंतर प्रत्येक नमुना मी चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंसह, मोजपट्टी आणि रंगपट्टी शेजारी ठेवून टिपला. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा गळा मात्र काळाच येत होता. तो रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतून उमटतो, त्यामुळे प्रकाशाचा कोन जुळल्याशिवाय दिसत नाही, हे सांगून आपण एक अख्खी दुपार माझ्यासोबत उभ्या राहिलात. दिवा बोटभर सरकवला आणि शंभर वर्षांपूर्वीचा तो गळा एकदम निळाजांभळा पेटला. एवढा निवांत वेळ मला आजवर कोणत्याही कामात कुणी दिला नव्हता.

छापील प्रती सोबत पाठवत आहे. त्यांपैकी एकीवरील चिठ्ठीतले गाव मला नीट वाचता आले नाही. तेवढे कृपया पाहून कळवावे.

आपला ऋणी,
एक छायाचित्रकार