विद्यापीठाच्या नाटकासाठी खुली ऑडिशन घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती गेले की मराठवाड्यातल्या महाविद्यालयांना युवक महोत्सवाचे वेध लागतात. एकांकिकांच्या तालमी सुरू होतात, नाट्यशास्त्राचे विद्यार्थी वर्षाच्या मोठ्या नाटकाची जुळवाजुळव करू लागतात. नेमक्या याच दिवसांत एक मागणी मांडायची आहे. छत्रपती संभाजीनगर असो वा नांदेड, विद्यापीठाच्या नावाने जे नाटक उभे राहते, त्यातल्या भूमिकांसाठी खुली ऑडिशन व्हावी. कोणत्याही विभागाच्या, कोणत्याही संलग्न महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला तिथे येता यावे, आणि तारीख, वेळ, ठिकाण सगळ्यांना आधी कळावे.

मी अंबाजोगाईत बरीच वर्षे मराठी शिकवले. माझी एक विद्यार्थिनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाथांचे भारूड करायची, तेव्हा मागच्या रांगेतली दंगा करणारी पोरेही गप्प बसायची. पुढे ती विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला गेली. तिथल्या नाटकाची निवड होऊन गेल्याचे तिला कळले ते मैत्रिणीच्या स्टेटसवर तालमीचा फोटो पाहून. कुणी मुद्दाम लपवले होते असे नाही. दिग्दर्शकाने ओळखीच्या चार मुलांना बोलावले, त्यांनी आपापल्या मित्रांना आणले आणि पात्रे भरली. "सर, विचारायचं कुणाला हेच माहीत नव्हतं," एवढेच ती फोनवर म्हणाली. असे फोन मला इतरही मुलांचे आले आहेत, म्हणून हे पत्र.

युवक महोत्सवाची रीत पाहिली तर अडचण लक्षात येते. महाविद्यालयांचे संघ विद्यापीठाच्या केंद्रीय युवक महोत्सवात उतरतात आणि तिथे जे नजरेत भरतात त्यांच्यातून पुढे राज्यातल्या विद्यापीठांच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवासाठी, पश्चिम विभागीय महोत्सवासाठी विद्यापीठाचा संघ बांधला जातो. म्हणजे ज्या महाविद्यालयाने एकांकिका नेलीच नाही, तिथला मुलगा कुणाच्या नजरेलाच पडत नाही. आणि एकांकिका नेणे सोपे नसते. नेपथ्याचे सामान, रंगभूषा, वेशभूषा, गाडीभाडे, दिग्दर्शकाचे मानधन, हा खर्च मुखेड किंवा भूमच्या छोट्या महाविद्यालयाला दरवर्षी पेलत नाही. प्राचार्य मग मिमिक्री, वक्तृत्व असे एकट्याने करायचे प्रकार पाठवतात. त्या महाविद्यालयात एखादा उत्तम नट असेल, तर त्याची तीन वर्षे अशीच निघून जातात.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळते. स्पर्धा जिंकायची असते, दिवस थोडे असतात, अशा वेळी नवख्यांना कुठे तपासत बसायचे? मला हे पटत नाही. शंभर मुले आली आणि प्रत्येकाला तीन मिनिटे दिली तरी पाच तास लागतात. एका रविवारचे हे काम आहे. त्यातून पंधरा-वीस जण दुसऱ्या फेरीसाठी ठेवावेत, त्यांना जोडीने प्रसंग करायला द्यावेत. ज्यांनी आधी काम केले आहे त्यांनीही याच रांगेतून यावे. ते खरेच चांगले असतील तर निवडले जातीलच, आणि बाकीच्यांना त्यांची निवड कशावर झाली हे दिसेल.

आता बोलीचा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त सलतो. ऑडिशनला आलेला मुलगा "काय करायलास", "मी जायलोय" असे बोलला, त्याचा ण कुठे न झाला, की "उच्चार शुद्ध नाहीत" असा शेरा पडतो आणि तिथेच त्याचे दार लागते. उच्चार महिनाभराच्या तालमीत सुधारता येतात, मी वर्गात ते करून घेतले आहे. समोरच्या पात्राचे ऐकण्याची सवय, वाक्याआधीचा योग्य थांबा, श्वासावरचा ताबा या गोष्टी बसायला जास्त दिवस जातात, आणि त्या ज्याच्याकडे आधीच आहेत असा मुलगा आपण एका अक्षरापायी घालवतो. शिवाय प्रत्येक नाटकातली प्रत्येक भूमिका प्रमाण मराठीतच बोलते असेही नाही. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी, महार अशा कितीतरी माणसांना त्यांच्या तोंडच्या भाषेत उभे केले, ते याच मातीत. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याची बोली चित्रपटांत आणली आणि ती सगळ्या महाराष्ट्राने आपलीशी केली. म्हणून ऑडिशनमध्ये दोन मिनिटांचा एक तुकडा स्वतःच्या बोलीत करण्याची मोकळीक द्यावी आणि दुसरा तुकडा नाटकाच्या संहितेतून वाचून घ्यावा. दोन्ही पाहिल्यावर मुलाची झेप कळते.

मुली मिळत नाहीत, ही दिग्दर्शकांची जुनी तक्रार. त्यामुळे एक-दोन स्त्रीपात्रांच्याच संहिता निवडल्या जातात. पण तालीम संध्याकाळी सातला सुरू होऊन रात्री अकराला सुटत असेल तर वसतिगृहातली मुलगी येणार कशी? गेवराई किंवा वसमतहून एसटीने ये-जा करणारी तर पाचलाच बसस्थानकावर उभी असते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, याचा एवढा तरी उपयोग व्हावा की ऑडिशन सुट्टीच्या दिवशी अकरा ते चार ठेवली तर मुलगी येऊन दिवेलागणीला घरी पोचेल. तालमीचे वेळापत्रकही ऑडिशनच्या आधीच कळले पाहिजे, म्हणजे घरी विचारून, आकडेमोड करूनच ती नाव देईल आणि मधूनच सोडून जाण्याची वेळ येणार नाही.

सूचना निदान पंधरा दिवस आधी लागावी. ती फक्त नाट्यशास्त्र विभागाच्या दारावर नको, प्रत्येक विभागात, ग्रंथालयात, मुलामुलींच्या वसतिगृहांत आणि विद्यार्थी विकास विभागामार्फत संलग्न महाविद्यालयांतही हवी. तीत नाटकाचे नाव, भूमिकांची यादी, प्रयोगाच्या तारखा असाव्यात. संहितेची एक प्रत ग्रंथालयात वाचायला ठेवावी. निवडणाऱ्यांत दिग्दर्शकासोबत बाहेरचा एक जाणकार असावा. निवडलेल्यांची यादी फलकावर लागावी. जे निवडले गेले नाहीत त्यांना एखाद्या वाक्यात कारण सांगितले, तर पुढच्या वर्षी ते तयारी करून येतील. प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य यांसाठीही असेच बोलवावे. भौतिकशास्त्राचा किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी दिव्यांच्या कामात किती रमतो, हे मी गॅदरिंगच्या वेळी पाहिले आहे. परदेशातल्या अनेक विद्यापीठांत नाट्यविभागाच्या प्रयोगासाठी कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला ऑडिशन देता येते, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे परीक्षेचे प्रयोग त्यांचेच असावेत, हे उघड आहे. त्यांच्या शिक्षणाचा तो भाग आहे. माझे म्हणणे युवक महोत्सवाच्या संघाबद्दल आणि विद्यापीठाच्या पैशावर, विद्यापीठाच्या नावाने होणाऱ्या नाटकाबद्दल आहे.

छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झाले आणि नांदेडचे १९९४ मध्ये. आपल्या भागातल्या मुलामुलींना शिकायला लांब जावे लागू नये, हा त्यामागचा हेतू होता. संभाजीनगरच्या नाट्यशास्त्र विभागाला कमलाकर सोनटक्के यांच्यासारखा दिग्दर्शक शिक्षक लाभला. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, नाटककार प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था याच शहरात तरुणांनी एकत्र येऊन उभी केली आणि पुढे मुंबईच्या रंगभूमीवर नाव केले. अशी मुले आजही आहेत. काही जालन्यात आहेत, काही किनवटला, काही धाराशिवच्या उपपरिसरात. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव आणि तिकडे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या आठ जिल्ह्यांत प्रत्येकी एका महाविद्यालयात पहिली फेरी घेतली, तर मुलांचे भाडे वाचेल आणि निवडणाऱ्या दोन-तीन माणसांनाच तेवढा प्रवास करावा लागेल.

दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थी विकास विभागांनी यंदाच्या महोत्सवापासूनच याचा विचार करावा. आपणांसही एक विनंती आहे. ज्या विभागाकडून अशा ऑडिशनची तारीख येईल, ती आपल्या जिल्हा पानावर ठळकपणे छापावी. गावातल्या वाचनालयात वर्तमानपत्र चाळणाऱ्या मुलाला ती तिथे नक्की सापडेल.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड