करारावर सही करण्याआधी

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू म्हणालीस, 'आई, मिसुरीत अठराखालच्या मुलांना लिंगबदलाची औषधं द्यायला बंदीच आहे, मग मला कसली भीती?' मी तिथेच फोन बाबांच्या हातात दिला. तसं करायला नको होतं. अमेरिकेतली ही डॉक्टरची नोकरी घेऊ नकोस असं माझं म्हणणं नाही. सही करायच्या आधी एवढं वाच.

बंदी २८ ऑगस्ट २०२३ पासून आहे. ज्यांची औषधं त्याआधी सुरू झाली त्यांना ती लागू नाही, पण त्याच कायद्यातलं दाव्याचं कलम, म्हणजे औषध देणाऱ्या डॉक्टरवर पुढे खटला भरू देणारं, त्यांनाही धरतं. तिथल्याच सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ट्रान्सजेंडर केंद्राने त्याच सप्टेंबरात अशा मुलांना औषधं लिहून देणं थांबवलं, आणि कारण म्हणून ही जोखीमच सांगितली. अशी सोळा वर्षांची मुलगी २०२६ मध्ये तुझ्यापुढे आली आणि तू औषध चालू ठेवलंस, तर मुदत मोजायची ती एकविसाव्या वाढदिवसानंतर पंधरा वर्षं. म्हणजे २०४६. किंवा झालेल्या इजेवरचे तुझे उपचार थांबल्यापासून पंधरा वर्षं. दोन्हींपैकी जे उशिराचं ते. इतर वैद्यकीय दाव्यांना तिथे साधारण दोन वर्षं असतात.

वंध्यत्व आलं तर ते औषधामुळेच आलं असं गृहीत धरतात. तसं नाही हे डॉक्टरने भक्कम पुराव्याने दाखवायचं. भरपाई किमान ५ लाख डॉलर, आणि निकालाची रक्कम तिप्पट. अक्षरशः वाचलं तर १५ लाख. डॉक्टरांच्या विम्याची नेहमीची पॉलिसी एका दाव्याला १० लाखांची असते, आणि दंडात्मक भरपाई तर पुष्कळदा वगळलेलीच असते. आईबापांनी 'दावा करणार नाही' असं लिहून दिलं तरी ते चालत नाही.

म्हणून पॉलिसी कुठल्या जातीची आहे ते विचार. 'ऑकरन्स' असेल तर घटनेच्या दिवशीची पॉलिसी बघतात, दावा कधीही येवो. 'क्लेम्स-मेड' असेल तर दावा येईल त्या दिवशी पॉलिसी चालू लागते. तू नोकरी सोडलीस की मागचं सगळं उघडं. मग 'टेल', म्हणजे नंतर येणाऱ्या दाव्यांसाठीचा जादा विमा, घ्यावी लागते, बहुतेकदा वार्षिक हप्त्याच्या दीड-दोनपट. ती कोण भरणार हे करारात हवं, आणि टेल बेमुदत हवी. तीन-पाच वर्षांची टेल २०४६ ला काय कामाची? लिंगबदलाच्या उपचारांना वगळणारी पुरवणी मागे जोडली आहे का, तेही बघ. नोकरी सुटल्यावर बचावासाठी केसपेपर बघायला मिळतील, असं एक कलम घालून घे. घर नदीपलीकडे शेजारच्या इलिनॉय राज्यात घेतलंस तरी औषध लिहिलेलं मिसुरीतच, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना वाचवणारा इलिनॉयचा कायदा कामाला येणार नाही.

बघ, पुन्हा मी शिकवायलाच बसले. माफ कर.

पण एक राहिलं. सात वर्षांच्या मुलीला लवकर वयात येते म्हणून ते थांबवणारं ल्युप्रोलाइड देशील, ते या कायद्यात येत नाही. लिंगबदलातही औषध तेच वापरतात, त्यामुळे कारण मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेव: टॅनर स्टेज (वयात येण्याचा टप्पा), एलएच या संप्रेरकाची तपासणी, हाडांच्या वयाचा एक्स-रे. मोघम 'हार्मोन थेरपी' कधी लिहू नकोस.

ज्याला खरंच इजा झाली त्याला कोर्टाचं दार हवंच, हे मी आजही म्हणेन. पण ज्या मुलांचे डॉक्टर एका महिन्यात गेले, त्यांचं कोण बघणार? तू बघशील, हे मला माहीत आहे. अण्णांच्या जुन्या पॅडवर 'डॉ. मनवा' लिहून तू शरूमावशीच्या बाहुलीला गोळ्या द्यायचीस, आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला का ते बघायला पुन्हा जायचीस. तू तशीच आहेस. त्याचा अभिमान वाटतो आणि नेमकी त्याचीच धास्तीही.

२०४६ ला तू बावन्न वर्षांची असशील. हे कागद वाचायला तेव्हा मी असेन की नाही कोण जाणे.

पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो आजच पाठव. ऑकरन्स की क्लेम्स-मेड, तेवढं आधी कळव.

तुझी,
आई